ताव बघणारी

उजव्या हाताची मूठ सैल वळायची, तिची नळी करून उजव्या डोळ्याला लावायची, समोरच्या वस्तूकडे बघायचं आणि म्हणायचं, "आजून कच्चं शे." ही आमच्या भाभीची सवय. मग वस्तू कोणतीही असो. बाजारातले टोमॅटो असोत, स्टोव्हवरचा चहा असो. गल्लीतल्या एका मुलीला बघायला आलेला नवरदेवसुद्धा तिनं दाराआडून असाच मुठीतून पाहिला होता.

"कसा आहे गं?" मी हळूच विचारलं.

"आजून कच्चा शे. दोन वर्सं राहू दे."

हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. त्या मुलाला आत ऐकू गेलं. लग्न झालं त्यांचं, पण तो जावई पुढे कित्येक वर्षं तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

हसा, पण एवढं ध्यानात ठेवा की त्या मुठीवर एक अख्खं घर चाललं होतं.

आमच्या धुळ्याच्या गल्लीच्या टोकाला मुसलमान शिकलगाराचं घर आहे. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये लांबलचक भट्टी. तिथे तलवारी बनतात. दचकू नका, बिनधारेच्या. मर्दानी खेळाच्या आखाड्यांना लागतात, लग्नात नवरदेवाच्या हातात लागते, कुणाला देवासमोर ठेवायला हवी असते. धार लावायची नाही हा मिस्त्रींचा नियम, आणि पोलिसांचाही. मी त्या तलवारींच्या म्यानांना मखमल चढवते. माझे मालक शिंपीकाम करायचे, ते गेले आणि मशीन राहिलं. मग परकर-पोलकी शिवण्यापेक्षा हे काम बरं वाटलं. म्यान कधी तक्रार करत नाही की काखेत काचतंय म्हणून.

घरधन्याला सगळे मिस्त्री म्हणतात. तिला सगळे भाभी म्हणायचे. तिला नाव होतंच, पण उभ्या जन्मात कुणी त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, तर आता मी तरी ते कशाला बाहेर काढू? तिची बोली म्हणजे अर्धी अहिराणी, अर्धी हिंदी, आणि उरलेली तिची स्वतःची.

आता तिचं काम सांगते. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून पातं घडवतात. पण घडवलेलं पातं मऊ असतं. भट्टीत लाल करून तेलात बुडवावं तेव्हा ते कडक होतं, मग मंद जाळावर शेकलं की लवचीक. तेलात बुडवतात, तरी म्हणतात 'पाणी देणं'. सुरीला पाणी देणं सोपं. तलवारीचं पातं एवढं लांब, त्याचं टोक तापतं तोवर मूठ थंड, मुठीकडे जाळ करावा तर टोक जळायला लागतं. म्हणून मिस्त्री पकडीत धरून पातं जाळातून पुढे-मागे, पुढे-मागे सारखं ओढत राहायचे. दोन्ही हात गुंतलेले, तोंडावर धग, डोळ्यांत पाणी. त्यांना रंग काय दिसणार? म्हणून त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. पुरुषानं पातं धरायचं आणि बाईनं ताव, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग, बघायचा. भाभीला हे तिच्या सासूनं शिकवलेलं.

दाराखिडक्यांना गोणपाट लावून भर दिवसा शेडमध्ये अंधार करायचे, म्हणजे लोखंडाचा रंग खरा दिसतो. भाभी बाजूला पाटावर बसायची, मूठ डोळ्याला. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचं व्हायला हवं. "कापेल पपईना रंग," ती म्हणायची. तो रंग आला की एकच शब्द, "घाल!" त्या क्षणी मिस्त्री पातं जमिनीत पुरलेल्या तेलाच्या उभ्या नळात सोडायचे. भस्सकन धूर. एक श्वास आधी घातलं तर पातं मऊ राहतं, उशीर झाला तर तडकतं. एवढा वेळ शेडमध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी एकदा शिंकले होते. पुढचे आठ दिवस भाभी मला 'अक्का' म्हणेना, "ये ओ शिंक" म्हणून बोलवायची.

हे सगळं एका डोळ्यावर, बरं का. डावा डोळा लहानपणीच ठिणगी उडून गेला होता.

मिस्त्री वाईट माणूस नाही. दारू नाही, मारझोड नाही, कुणाचं काम अडवून ठेवलं नाही. पण गिऱ्हाईक यायचं, पातं वाकवून बघायचं आणि म्हणायचं, "वा मिस्त्री, काय पाणी दिलंय!" मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बापजाद्यांची कृपा." भाभी आतून चहा घेऊन यायची. कप ठेवायची, जायची.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"कसाना राग? तलवार मिस्त्रीनी, डोया मना. बठ्ठं घरमाच शे ना, अक्का." तलवार त्यांची, डोळा माझा, सगळं घरातच, असं तिचं म्हणणं.

भडगावकडून एक आखाड्याचे वस्ताद यायचे. गावभर त्यांना नाना म्हणतात. मिशा अशा की बोलताना ओठ दिसू नयेत. नाना प्रत्येक पात्याची परीक्षा स्वतः घ्यायचे. समोरच्या निंबाच्या खोडाला पात्याचं टोक टेकवायचं, जोर लावून पात्याची कमान करायची आणि सोडून द्यायचं. पातं सणकन सरळ झालं पाहिजे. इतक्या वर्षांत एक पातं नापास झालं नव्हतं. तेलातून काढल्यावर कानस फिरवून बघायची पद्धत होती म्हणे, कडक झालं की कानस घसरते. पण मिस्त्रींनी किती वर्षांत कानस लावली नव्हती. भाभीनं "घाल" म्हटलं म्हणजे झालंच, मग बघायचं काय?

त्यांचा विश्वास एवढा होता. फक्त कधी बोलून दाखवला नाही.

मग भाभीला धूसर दिसायला लागलं. जन्मभर जाळाकडे बघितलेला डोळा. शिरपूरला दिलेली तिची मुलगी आली आणि हट्टानं डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय.

"पिका शे? मग काढा," भाभी म्हणाली. "कच्चा राहता ते मी आजून पिकू देती ना."

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. आठवड्यानं ती काळा चष्मा लावून परत आली, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून ओरडली, "व माय! अक्का, तुनं लुगडं निळं शे?"

"मग काय असणार? चौदा एप्रिलच्या जयंतीला घेतलेलं आहे, निळंच असणार."

"मी ते हिरवं समजत व्हती. मी म्हणू, अक्का रोज आमनाच रंग नेसस!"

आम्ही दोघी तिथे रस्त्यात पोट धरून हसलो. ती दिवसभर गल्लीत फिरून रंग बघत होती. आकाश, नळाचा पाइप, कुणाच्या दारातली गोकर्णीची फुलं. लहान पोरासारखी प्रत्येकाला विचारत होती, हे निळंच आहे ना? मिस्त्रीपण खूश. "बघा, डोळा नवा आणला बायकोनं," म्हणाले.

त्याच महिन्यात नानांचं नवीन काम आलं, आखाड्यातल्या नव्या पोरांसाठी. भाभी पाटावर बसली. मूठ डोळ्याला. "घाल!" मिस्त्रींनी घातलं. एकामागून एक सगळी पाती झाली. मी म्यानं शिवली, लाल मखमलीची, कडेला जर.

नाना आले त्या दिवशी गल्लीत बरीच माणसं होती. नाना येणार म्हटल्यावर पोरंटोरं जमायचीच. नानांनी पहिलं पातं निंबाला टेकवलं, जोर दिला, कमान झाली. हात सोडला.

पातं तसंच राहिलं. वाकलेलं.

नानांनी ते हातात धरून वर केलं, सगळ्यांना दाखवलं. "मिस्त्री, तलवार दिली का सावद्याचं केळं?"

सगळी गल्ली हसली. दुसरं घेतलं, तेही केळं. तिसरं. मग कुणी हसेना, तेव्हा तर जास्तच वाईट वाटलं. मिस्त्रींचं तोंड पांढरं पडलं. भाभी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मग नानांकडे वळले आणि उगाच हसून म्हणाले, "काय करू नाना, बायकोनं डोळा बदलला आणि माझ्या तलवारी नासल्या. ताव तीच बघते ना."

तुम्हीच विचार करा. इतकी वर्षं त्या घरातून चांगली पाती गेली, तेव्हा चारचौघांत तिचं नाव कधी निघालं नाही. पहिल्यांदा निघालं ते हे असं.

भाभीनं ट्रे माझ्या हातात दिला आणि आत गेली. एक कप सांडला होता.

दोन दिवस ती बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात. बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"अक्का, मना डोयाले काय व्हयनं ते माले समजनं. तुनं लुगडं मी इतका दिवस हिरवं पाहत व्हती. मंग भट्टी मी कशी पाहत असेन?"

मी मशीन थांबवलं.

मोतीबिंदू काय एका रात्रीत येतो? डोळा हळूहळू पिवळा होत गेला होता आणि तिचा अंदाज त्याच्याबरोबर हळूहळू सरकत गेला होता. तिला कळलंही नव्हतं. आता डोळा एकदम लख्ख झाला. जाळ जास्त उजळ दिसायला लागला. पपईचा रंग तिला आधीच दिसायचा आणि ती आधीच "घाल" म्हणायची. पातं बिचारं अजून कच्चंच असायचं.

"मिस्त्रींना सांग मग," मी म्हटलं.

"सांगं. मिस्त्री म्हणतस, आराम कर." मग म्हणाली, "भट्टीपाशी नही बसनू ते त्या घरमा मी कोण शे, अक्का? रांधनारी? रांधनारी ते सून पन शे."

मिस्त्रींच्या थोरल्या मुलानं तोवर मोबाइलवरून एक यंत्र मागवलं होतं. पिस्तुलासारखं दिसतं. पात्यावर रोखलं की किती तापलंय त्याचा आकडा दाखवतं. चांगलं आहे यंत्र, मी नाव ठेवत नाही. पण भाभी म्हणाली, यंत्र येवो, मी माझा डोळा परत शिकवणार. आणि त्यासाठी तिला कुणीतरी पकड धरणारं हवं होतं.

ते 'कुणीतरी' म्हणजे मी.

जुम्म्याच्या दुपारी बापलेक नमाजाला जात आणि तिथून परस्पर लोखंडबाजारात. तेवढ्यात आम्ही दोघी शेडमध्ये. गोणपाट लावायचं, भाता चालू करायचा, तो आता विजेचा आहे. लुगड्याचा काचा मारून मी पकड धरायची. पाट्याचे बोटभर तुकडे तापवायचे. पहिल्या दिवशी माझ्या भुवया भाजल्या. भाभी म्हणाली, "ये ओ मिस्त्रीण, तोंड मागे घे, तुले पाणी देनं नही शे."

तुकडा तापायचा, ती म्हणायची "घाल", मी तेलात टाकायची. मग गार झालेला तुकडा ऐरणीच्या फटीत धरून हातोडा मारायचा. वाकला तर कच्चा राहिला. फुटला आणि फुटलेल्या जागी आत रव्यासारखा खरबरीत दिसला तर जास्त तापला. मैद्यासारखा बारीक दिसला तर बरोबर. आधी सगळे वाकायचे. मग चिडून ती उशिरा बोलायला लागली, तर सगळा रवा. "आते मी शिरा करस," म्हणाली आणि हातोडा फेकून दिला. उचलून आणला मीच.

असे किती शुक्रवार गेले मी मोजले नाहीत. एकदा मात्र तिनं "घाल" म्हटलं, मी घातला, हातोडा मारला, आणि आत मैदा. परत केला, मैदा. परत केला. ती फुटलेला तुकडा दिव्याखाली धरून बघत राहिली.

"पपई गई, अक्का. आते झेंडू शे. पिका झेंडू."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. मुलीचं लग्न झालं तेव्हाही ती एवढी हसली नव्हती.

नानांच्या नासलेल्या पात्यांना पुन्हा पाणी द्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं मिस्त्रींना सांगितलं, मी बसणार. मिस्त्री म्हणाले, "बस की. तुला कोण नाही म्हणतंय?" ती मला सांगायला धावत आली. मला वाटलं, झालं, घर परत रुळावर आलं.

सकाळी मीही गेले. म्यानं दुरुस्त करायची होती, हे निमित्त. शेडमध्ये अंधार. भाभी पाटावर. मिस्त्री पातं पुढे-मागे ओढत होते. थोरला यंत्र घेऊन पलीकडे उभा. कुणी बोलत नव्हतं. पातं काळं होतं ते लाल झालं, लालाचं केशरी होत गेलं, टोकापासून मुठीपर्यंत तो रंग पसरत आला. मलाही आता थोडं कळायला लागलं होतं. मी मनात म्हणत होते, आला, झेंडू आला.

"घाल!" भाभी म्हणाली.

मिस्त्रींनी पातं घातलं नाही.

ते हातात धरून उभे राहिले. मान मुलाकडे. इतक्या वर्षांत तो शब्द निघाला आणि मिस्त्रींचा हात थांबला असं झालं नव्हतं. भाभीची मूठ डोळ्यालाच होती, ती खाली यायला विसरली होती.

मुलानं यंत्र रोखलं, आकडा बघितला. "बरोबर आहे अब्बा, घाला."

भस्सकन धूर झाला.

पातं निघालं, मिस्त्रींनी कानस लावली. कानस घसरली. पाणी अस्सल चढलं होतं. मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! काम केलं तुझ्या मशीननं."

मला राहवलं नाही. "अरे, भाभीनं आधीच सांगितलं होतं की! तुझ्या आकड्याच्या आधी."

मुलगा सज्जन आहे, उलटून बोलत नाही. मला समजावत म्हणाला, "अक्का, अंदाज कधीकधी बरोबरही येतो. पण त्याच्यावर धंदा नाही चालत ना." आणि मिस्त्रींनी दुसरं पातं पकडीत धरलंही होतं.

दुसऱ्या पात्याला भाभी बोलली नाही. तिसऱ्याला पाटावर नव्हती. मी बाहेर आले, तर ती नळाखाली तोंड धूत होती. डोळ्यावर पाणी मारत होती, परत परत.

"तू ऐकं ना, अक्का? मी सांगं व्हतं."

"ऐकलं."

"बरोबर व्हतं ना?"

"बरोबर होतं गं."

"बस," म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

नाना येऊन पाती घेऊन गेले. निंबाला टेकवून वाकवली, सगळी सणकन सरळ झाली. "वा मिस्त्री!" म्हणाले. मिस्त्रींनी छातीवर हात ठेवला. चहा सुनेनं आणला.

पुढच्या महिन्यात भाभी शिरपूरला मुलीकडे गेली, चार दिवस म्हणून. ते चार दिवस संपलेच नाहीत. मिस्त्री फोन करायचे, ये म्हणायचे. खरंच बोलवायचे, मनापासून. मी एकदा फोनवर विचारलं, "कधी येतेस?" तर म्हणाली, "आठे लेकीपाशी बरं शे. आठे माले कोनी काही विचारत नही, आनी मी काही सांगत नही." तिचा आवाज हळू झाला होता. हळू बोलायला ती तिथे शिकली.

तिथेच गेली. तापाचं निमित्त झालं. माती शिरपूरलाच दिली.

मी मिस्त्रींना भेटायला गेले, तेव्हा ओट्यावर चारपाच माणसं बसली होती. मिस्त्री खूप रडले होते, डोळे सुजलेले. रडणं खोटं नव्हतं. सांगत होते, "बाई लाखात एक. कधी उलट शब्द नाही. तिच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली ना, तर दुसरी गोड लागत नाही." माणसं हूं हूं म्हणत होती. एकजण म्हणाला, आलेल्या-गेलेल्याला चहा पाजल्याशिवाय कधी सोडलं नाही हो त्यांनी.

मी वाट बघितली. म्हटलं, आता म्हणतील. आता म्हणतील. शेवटी मीच म्हटलं, "मिस्त्री, आणि भट्टीपाशी बसायची ती?"

मिस्त्रींनी वर बघितलं. त्यांना काहीतरी आठवलं, चेहरा मऊ झाला.

"हां अक्का, बसायची. रोज बसायची माझ्याजवळ. तिला थंडी फार वाजायची ना."

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या धुळ्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये माणूस उभं राहू शकत नाही, आणि त्या मे महिन्यातही ती तिथे बसायची. पण मिस्त्री खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना खरंच तसं आठवत होतं.